पॅरिसमध्ये हरवलेला एक तास

मार्च २०२५मध्ये स्प्रिंग ब्रेकला बॉस्टनहून पॅरिसला मैत्रिणींकडे गेले. ग्रुप प्रोजेक्टचा कॉल बॉस्टनच्या दुपारी दोनला होता. फरक सहा तासांचा, म्हणून मी आठला लॅपटॉप उघडला. कॉल केव्हाच संपला होता! सगळ्यांची माफी मागितली, आणि मग शोधाशोध.

तिकडे उन्हाळ्यासाठी दरवर्षी घड्याळं तासभर पुढे करतात. अमेरिकेतली ९ मार्चलाच पुढे गेली होती, युरोपातली ३० मार्चला जाणार होती. मधले तीन आठवडे फरक पाचच तासांचा. (स्प्रिंग ब्रेक नेमका त्यातच येतो, कमाल आहे.)

आता बोटांवर हिशोब बंद. कॅलेंडरमध्ये कॉलची वेळ टाकताना टाइम झोन न्यूयॉर्कचा निवडते, बॉस्टनचाही तोच. फोन पॅरिसची वेळ आपोआप दाखवतो. पुढचा कॉल सातला, वेळेवर.