तुरटीपासून अँटासिड जेल: साका नीट धुवा, बाकी सोपं आहे

बी.फार्म.च्या प्रॅक्टिकलमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल बिघडतं ते बहुतेक वेळा साका, म्हणजे द्रावणं मिसळल्यावर तळाशी बसणारा हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत गाळ, धुताना. म्हणून आधीचं झटपट सांगतो.

९५ ग्रॅम पोटॅश तुरटी अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. तीन लिटरच्या बीकरमध्ये ३०० मिली पाण्यात ३४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट घ्या. हिशोबाने ३२ ग्रॅम पुरतं, पण किंचित जास्त असलेलं बरं. बाटलीवर डेकाहायड्रेट लिहिलं असेल तर ९२ ग्रॅम लागेल. दोन्ही द्रावणं कोमट झाली की तुरटीचं द्रावण कार्बोनेटमध्ये बारीक धारेने ओतत सतत ढवळा. फेस भसकन वर येतो, म्हणूनच एवढा मोठा बीकर.

आता धुणं. साका फिल्टर पेपरवर घेऊन पंपाने ओढा, असं सर्रास सांगितलं जातं. माझा त्याला ठाम विरोध आहे. हा बुळबुळीत थर पेपरची छिद्रं बुजवतो, मग त्याला भेगा पडतात आणि वरून ओतलेलं पाणी त्या भेगांतूनच पळतं. खाली नितळ पाणी दिसतं, पण तुरटीतून आलेलं सल्फेट थराच्या पोटात तसंच राहतं.

त्यापेक्षा साका बीकरमध्येच राहू द्या. दोन लिटरच्या खुणेपर्यंत कोमट डिस्टिल्ड पाणी भरा, ढवळा, बसू द्या, वरचं पाणी नळीने काढून टाका आणि पुन्हा भरा. नळाचं पाणी वापरू नका, त्यात स्वतःचंच सल्फेट असतं. क्षार निघत गेले की साका लवकर बसेनासा होतो आणि वरचं पाणी दुधाळ राहतं. घाबरू नका, धुणं नीट चालल्याची ती खूण आहे. तिथून पुढे दुहेरी मलमलीतून गाळा.

धुणं कधी थांबवायचं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. धुतलेल्या पाण्यात थेट बेरियम क्लोराइड टाकलं तर उरलेल्या कार्बोनेटमुळेही पांढरा साका पडतो आणि मुलं बिचारी तासन्‌तास धूत बसतात. आधी विरल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घाला, बुडबुडे थांबू द्या, मगच बेरियम क्लोराइड. आता जो पांढरेपणा दिसेल तो सल्फेटचा. तो नुसता धूसर उरला की पुरे. त्यापुढे धूत राहिलात तर जेलमध्ये गुंतलेलं कार्बोनेटही निघून जातं. जेल अस्फटिक राहतं ते त्याच्याच आधाराने. एकदा स्फटिक बनू लागले की अ‍ॅसिडवर ते फार सावकाश काम करतं.

आणि साका ओव्हनमध्ये वाळवून भुकटी पाण्यात कालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वाळलेलं हायड्रॉक्साइड पुन्हा जेल होत नाही. साका ओलाच वापरा.

ओल्या साक्यात थोडं ग्लिसरीन, सॅकरिन सोडियम आणि पेपरमिंट तेलाचे एक-दोन थेंब घालून घोटा. परिरक्षक म्हणून सोडियम बेन्झोएटवर विसंबू नका, जवळपास उदासीन पीएचला ते दुबळं पडतं. मी ०.४५ ग्रॅम मिथाइल आणि ०.०५ ग्रॅम प्रोपाइल पॅराबेन घालतो. डिस्टिल्ड पाण्याने एकूण वजन २५० ग्रॅम करा. साका वाया गेला नसेल तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास येतं. फार्माकोपियाला, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाला, ३.५ ते ४.४ टक्के चालतं. पीएच ५.५ ते ८ मध्ये हवा.

खरी परीक्षा अ‍ॅसिड उदासीन करण्याच्या क्षमतेची. ५ ग्रॅम जेल ७० मिली पाण्यात मिसळा, ३७ अंशांवर आणा, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ३० मिली घाला आणि बरोबर १५ मिनिटं ढवळा. लगेच ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, म्हणजे ते ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडून उरलेलं अ‍ॅसिड मोजा. पीएच ३.५ वर १० ते १५ सेकंद टिकला की थांबा. हे काम पाच मिनिटांत उरका.

इथे पीएच मीटरच हवा. फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक गुलाबी होईपर्यंत गेलात तर विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा हायड्रॉक्साइड होऊन बसतं, त्यात तुमचा अल्कली खर्च होतो आणि चांगलं जेलही निकामी ठरतं.

समजा ब्युरेटमधून ४१ मिली गेले, तर घातलेलं अ‍ॅसिड ३० वजा उरलेलं २०.५ (४१ गुणिले ०.५), म्हणजे जेलने ९.५ मिलिइक्विव्हॅलंट (अ‍ॅसिड मोजायचं एकक) उदासीन केलं. ४ टक्क्यांच्या ५ ग्रॅम जेलची कागदावरची कमाल ११.८ आहे. आकडा त्याच्यापुढे गेला तर आधी पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर तपासा. मीटर बरोबर निघाला तर जास्तीचं सोडियम कार्बोनेट धुवायचं राहिलंय.

तयार जेल घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठून वितळलेलं जेल फुटतं आणि कितीही हलवलं तरी एकजीव होत नाही.