रेडच्या डिस्क दुसऱ्या सर्व्हरला हलवताना

सगळ्यात आधी बॅकअप, आणि तो एकदा रिस्टोअर करून बघा, कारण रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) म्हणजे बॅकअप नाही हे मी प्रत्येकाला सांगतो. मग जुना सर्व्हर नीट शटडाऊन करा, पॉवर खेचू नका, कंट्रोलरच्या, म्हणजे रेड चालवणाऱ्या कार्डाच्या, कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा डिस्कवर उतरायला हवा. आता मार्कर घ्या, प्रत्येक डिस्कवर स्लॉट नंबर लिहा, ०, १, २ असं, आणि फोटो काढून ठेवा.

नवा कंट्रोलर शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच फॅमिलीचा हवा. सॅस (सर्व्हरच्या डिस्कचा जोडणी-प्रकार) डिस्क साध्या साटा (घरच्या पीसीतला प्रकार) पोर्टवर चालत नाही, उलटं, म्हणजे साटा डिस्क सॅस पोर्टवर, चालतं.

परवा अंधेरीहून ठाण्याला चार डिस्क नेल्या, भर पावसात, प्रत्येक डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, वर फोम, आणि लोकलच्या गर्दीत नको म्हणून सरळ टॅक्सी केली. पोचल्यावर तासभर तशाच ठेवल्या, एसी रूममधून दमट हवेत नेल्या की बाष्प धरतं.

सगळ्या डिस्क बसवूनच पॉवर ऑन करा, एखादी राहिली तर ॲरे (डिस्कचा जोडलेला गट) डिग्रेडेड, म्हणजे अपुरा, दिसेल. स्क्रीनवर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (दुसऱ्या कंट्रोलरवर केलेली मांडणी) आलं की घाबरू नका, इम्पोर्ट निवडा. क्लिअर किंवा इनिशियलाइझला, म्हणजे पुसायच्या पर्यायांना, हात लावायचा नाही म्हणजे नाही!