रीबूट झाला की पावसाचा आकडा शून्य? मेमरी जपताना या चुका टाळा

मृग लागला की मालवणपासून दापोलीपर्यंत कितीतरी आगरांत आणि शाळांच्या गच्चीवर घरी जुळवलेले पर्जन्यमापक चालू होतात. तक्रार बहुतेकांची एकच असते: लाईट लुकलुकली, बोर्ड रीबूट झाला आणि सकाळपासूनचा पाऊस शून्यावर आला. लगेच चिपला दोष दिला जातो. पण वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं म्हणून रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, पुसली जात नाही. ती पुसतो तो आपल्याच प्रोग्रॅमचा सुरुवातीचा कोड. मुख्य प्रोग्रॅम (मेन) सुरू होण्याआधी तो सगळ्या साध्या ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये शून्य किंवा ठरलेली सुरुवातीची किंमत भरतो.

म्हणून पाऊस मोजणारा काउंटर 'नोइनिट' विभागात, म्हणजे हा कोड हात लावत नाही अशा रॅमच्या भागात ठेवा. एव्हीआर चिपच्या जीसीसी कंपायलरमध्ये हा विभाग तयारच मिळतो. एसटीएम३२ चिपवर बहुधा लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) तो स्वतः जोडावा लागतो, 'नोलोड' खुणेसह. ईएसपी३२ चिपवर नेहमी होणारी गफलत म्हणजे तिच्या आरटीसी मेमरीतले 'आरटीसी डेटा' आणि 'आरटीसी नोइनिट' एकच समजणं. पहिला डीप स्लीपमधून (चिपच्या गाढ झोपेतून) उठताना टिकतो, पण वॉचडॉग किंवा सॉफ्टवेअर रीसेटनंतर पुन्हा मूळ किमतीवर जातो. रीसेटमधून वाचायचं असेल तर दुसराच हवा.

टिकलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. पहिल्यांदा वीज दिल्यावर नोइनिटमध्ये कचराच असतो, म्हणून लोक एक ओळखीचा खूण-आकडा ठेवतात आणि तो जुळला की बाकी सगळं खरं मानतात. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात वाडीतली लाईट दरवेळी सरळ जात नाही. व्होल्टेज खाली येतं, रेंगाळतं, परत चढतं. अशा वेळी खूण शाबूत राहून शेजारच्या काउंटरमधला एखादाच बिट उलटू शकतो. मग १२ मिमीच्या जागी दिसणारा आकडाही पटण्यासारखाच असतो, आणि तो तसाच वहीत उतरतो. पूर्ण नोंदीवर सीआरसी (नोंद बिघडली का ते पकडणारा तपास-आकडा) हवाच, आणि व्होल्टेज फार उतरलं की चिप रीसेट करणारा ब्राउन-आउट डिटेक्टर चालू हवा.

रीसेट नेमका लिहिण्याच्या मध्यावर आला तर? त्यासाठी नोंदीच्या दोन प्रती ठेवा. दोन्हींना चढता क्रमांक आणि स्वतंत्र सीआरसी द्या, आणि आलटून पालटून लिहा. सुरू होताना सीआरसी जुळणाऱ्या प्रतींपैकी मोठ्या क्रमांकाची घ्या. दोन्ही बिघडल्या असतील तर शून्य दाखवू नका, 'नोंद तुटली' असं दाखवा. खोट्या शून्यापेक्षा ते बरं.

रीसेटचं कारण चुकीचं वाचणं

एसटीएम३२ वर रीसेटच्या कारणांचे फ्लॅग (खुणेचे बिट) पुसेपर्यंत साठत राहतात, म्हणून वाचून झाले की लगेच पुसा. तिथे आतल्या रीसेटनेही रीसेट पिनचा फ्लॅग लागतो, तेव्हा वॉचडॉगचा फ्लॅग आधी तपासा. आर्डुइनो उनोवर ऑप्टिबूट हा बूटलोडर (तुमच्या प्रोग्रॅमआधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) कारण नोंदवणारं रजिस्टर तुमच्या आधीच पुसतो. बूटलोडरही तीच रॅम वापरतो, त्यामुळे तुमचा डेटा त्याच्या स्टॅकखाली (तात्पुरत्या कामाच्या जागेत) येत नाही ना, ते पाहा.

कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर असेल तर लिहिलेला आकडा डेटा कॅशमध्येच (प्रोसेसर आणि रॅममधल्या जलद मेमरीत) अडकून रीसेटला हरवू शकतो. रॅमचा तो भाग एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या घटकाने) कॅशबाहेर ठेवा.

रॅमकडून नको ती अपेक्षा

वीज पूर्ण गेली की रॅम संपली. टेबलावर पटकन बंद-चालू करून 'टिकला' म्हणणारे इथे फसतात, कारण कपॅसिटरमधल्या चार्जवर रॅम थोडा वेळ तग धरते. रात्रभर बंद ठेवून पाहा, आणि व्होल्टेज हळूहळू उतरवूनही पाहा.

वीज गेल्यावरही टिकवायचं असेल तर एसटीएम३२एफ१०३ च्या 'ब्लू पिल' बोर्डावर २० बाइट बॅकअप रजिस्टर आहेत, पण व्हीबॅट (बॅकअप बॅटरीच्या) पिनला सेल लागतो. खाऱ्या हवेत सेलच्या क्लिपवर गंज चढतो. दर मोसमाआधी ती साफ करा आणि व्होल्टेज थेट पिनवर मोजा. मला विचाराल तर एफरॅम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) घ्या, पुन्हा पुन्हा लिहिल्याने होणारी झीज जवळपास विसरता येते. चिपमधला ईईप्रॉमही चालेल, तोही विजेशिवाय टिकतो, पण हिशोब करून. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या ईईप्रॉमला १,००,००० वेळा लिहिण्याची हमी आहे. दर ०.२ मिमी पावसाला एकदा कलणाऱ्या मापकातल्या बादलीला ३००० मिमी पावसात १५,००० झोके होतात, म्हणजे प्रत्येक झोक्याला एकाच जागी लिहिलं तरी सहा मोसम निघतात. तेच दर सेकंदाला लिहिलं तर २८ तासांत हमी संपते.

आणि आकड्यासोबत शेवटच्या झोक्याची तारीख-वेळही त्याच सीआरसीखाली ठेवा. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला बदलतो. रात्री गेलेली लाईट सकाळी १० वाजता आली, तर जपलेला आकडा कालच्या खात्यात जायचा की आजच्या, हे बोर्डाला त्या वेळेवरूनच कळेल.