शहरातल्या रस्त्यांची दुरुस्ती: नियोजनातल्या या चुका टाळा

रस्तेदुरुस्तीला पैसा पुरत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक शहरात ऐकू येते आणि बऱ्याचदा ती खरीही असते. पण आहे तो पैसा कोणत्या रस्त्यावर आणि कधी लावायचा हेच चुकलं, तर तरतूद वाढवूनही रस्ते सुधारत नाहीत. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी आणि त्यावर प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांनी, दोघांनीही पुढच्या गोष्टींवर नजर ठेवायला हवी.

सगळ्यात खराब रस्ता आधी घेणं

ज्याची अवस्था वाईट त्याचा नंबर पहिला, हे न्याय्य वाटतं. पण डांबरी रस्ता एकसारख्या वेगाने खराब होत नाही. सुरुवातीची बरीच वर्षं तो हळूहळू झिजतो. भेगांतून पाणी खाली उतरायला लागलं, की मात्र बघता बघता खचतो. आधीच्या टप्प्यात भेगा भरून किंवा वर पातळ थर देऊन भागतं. नंतर खालचा खडीचा पायाच उकरावा लागतो आणि तेवढ्याच लांबीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. सगळा निधी मोडलेल्या रस्त्यांवर गेला, तर आज बरे असलेले रस्ते त्याच काळात मोडकळीला येतात आणि पुढच्या वर्षीची यादी आणखी लांबते.

एक साधा हिशेब करून पाहा. समजा, शहरात १०० किलोमीटर रस्ते आहेत. वर्ष सरलं की प्रत्येक किलोमीटरचं आयुष्य एका वर्षाने घटतं, म्हणजे १०० ‘किलोमीटर-वर्षं’ गेली. त्या वर्षात ३ किलोमीटर रस्ता नव्याने बांधला आणि तो २० वर्षं टिकणार असेल, तर ६० परत आली, ४० ची तूट राहिली. मात्र बऱ्या स्थितीतल्या २० किलोमीटर रस्त्यांच्या भेगा वेळेत भरून त्यांचं आयुष्य दोन-दोन वर्षांनी वाढवलं, तर तीच तूट भरून निघते, आणि नव्या बांधणीच्या मानाने फार थोड्या पैशात. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या शहराचे घालून बघा. कामांची यादी हाती आली की मी सगळ्यात आधी ही बेरीज करायला सांगेन.

मोडलेल्या रस्त्यावरच्या लोकांना थांबायला सांगणं अवघड असतं, हे मान्य. तिथे खड्डे बुजवून रस्ता वाहतुकीला सुरक्षित ठेवावाच लागतो. पण पूर्ण बांधणीचा क्रम ठरवताना अशा रस्त्यांसाठी वेगळा हिस्सा काढून ठेवावा, देखभालीचा निधी त्यात ओढू नये.

पाहणीऐवजी तक्रारींवर यादी करणं

तक्रारी जास्त तिथेच रस्ते जास्त खराब, असं नसतं. जिथले लोक पाठपुरावा करू शकतात, तिथून त्या जास्त येतात. प्रत्येक प्रभागाला सारखा निधी वाटणं हाही उपाय नाही, कारण रस्त्यांचं वय, क्षेत्रफळ आणि वाहतूक सगळीकडे सारखी नसते. ठरावीक वर्षांनी सगळ्या रस्त्यांची पाहणी करून गुण द्यावेत. त्यासाठी ० ते १०० गुणांचा ‘पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स’, म्हणजे रस्त्याच्या अवस्थेचा निर्देशांक, उपलब्ध आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तो विकसित केला आणि आज अनेक देशांत वापरला जातो. जड वाहनांचा मार्ग मात्र वेगळा नोंदवा. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या ‘आशो रोड टेस्ट’ या रस्ते-चाचणीतून असं दिसलं, की रस्त्याचं नुकसान वाहनाच्या आसावरच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट झाला की नुकसान १६ पट. ट्रकचा रस्ता आणि गल्ली यांना दुरुस्तीच्या एकाच चक्रात बसवलं, तर ट्रकचा रस्ता आपली पाळी येण्याआधीच फुटतो.

चुकीच्या खिशातला पैसा

वरून येणारं अनुदान बहुतेक वेळा नव्या कामांना मिळतं, देखभाल शहराच्या स्वतःच्या कररूपी उत्पन्नातून करावी लागते. म्हणून कपात करायची झाली की पहिली कुऱ्हाड देखभालीवर पडते. तिचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, वेगळं आणि दरवर्षी नक्की असावं. कर्ज काढायचं असेल तर पायापासूनच्या बांधणीसाठी काढा. १० वर्षांत झिजणाऱ्या थरासाठी २० वर्षांचं कर्ज घेतलं, तर थर गेल्यावरही हप्ते राहतात. डांबर कच्च्या तेलापासून मिळतं, त्यामुळे तेल महागलं की जुन्या अंदाजपत्रकात कमी किलोमीटर बसतात. अंदाजपत्रकाला तशी टीप जोडून ठेवावी.

नवा रस्ता लगेच खोदला जाणं

डांबरीकरणाआधी पाणी, मलनिस्सारण, वीज आणि केबलवाल्यांकडून पुढच्या काही वर्षांच्या कामांची यादी मागवा. जमिनीखालच्या गळक्या पाइपवर रस्ता करण्यात अर्थ नाही. डांबरीकरणानंतर काही वर्षं खोदाईबंदी ठेवा. अपवाद फक्त तातडीच्या कामाला, आणि चर थराथराने दाबून भरण्याची अट घालूनच.

तोच खड्डा पुन्हा का पडतो?

एका जागी खड्डा परत परत उघडत असेल, तर आधी पाणी शोधा. गळती आहे का, कडेचं गटार तुंबलंय का, रस्त्याला उतार आहे का? आडवा उतार साधारण २ टक्के लागतो, म्हणजे मीटरमागे दोन सेंटिमीटर. मग काम तपासा. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापल्या होत्या का, आत ओल किंवा धूळ राहिली का, चिकटवण्यासाठी डांबराचा हात मारला का? गरम मिश्रण साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नीट दबत नाही. ट्रकमध्ये तासन्‌तास निवलेला माल टाकून वरून रोलर फिरवला, तरी तो पकडत नाही. आजूबाजूला मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं दिसत असेल, तर पायाच गेला आहे. वर कितीही थर दिले तरी त्या भेगा वर येतात. शिवाय थरावर थर चढवल्याने रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी घरात शिरतं, म्हणून आधी जुना थर खरवडून काढावा.

ठेकेदाराच्या दोषदायित्वाची (खराबी त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची) मुदत संपायच्या आधीच्या पावसात रस्ता चालत पाहा, खराबी फोटो आणि तारखेसह नोंदवा आणि दुरुस्तीची लेखी सूचना मुदतीतच द्या. मुदत संपल्यावर तेच काम शहराच्या पैशातून करावं लागतं.