कॉलेजच्या ॲप्लिकेशन निबंधात शिवी घालायची का, आणि घालायचीच तर कशी

अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणारी आमच्या नात्यातली, ओळखीतली पोरं ऑक्टोबर आला की मला ड्राफ्ट पाठवतात आणि त्यातल्या एखाद्यात तरी शिवी असतेच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

शिवी अजिबात नको असं मी म्हणणार नाही. पण कॉमन ॲपचा, म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करता येतो त्या वेबसाइटचा, मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि वाचणारा माणूस फायलीमागून फायली वाचत बसलेला असतो. मित्रांना तू शिवी देतोस तेव्हा त्यांना तुझा चेहरा दिसतो, तू हसतोयस की चिडलायस ते कळतं. त्या माणसापुढे नुसती अक्षरं असतात.

म्हणून आधी हे कर, शिवी काढ आणि वाक्य मोठ्याने वाच. 'इट वॉज फकिंग अमेझिंग' मधलं 'फकिंग' काढलं तर काय गेलं? काहीच नाही, उलट लक्षात येतं की नेमकं काय भारी होतं ते तू लिहिलेलंच नाहीयेस, मग ते लिही.

दुसरं म्हणजे शिवी कुणाच्या तोंडी आहे ते बघ. तू निबंध सांगताना स्वतःच देतोयस तर बहुतेक वेळा काढच. प्रसंगातल्या माणसाने खरंच दिली असेल आणि त्या शिवीतून तो माणूस दिसत असेल तर ठेवायचा विचार करता येतो, तीही एकदाच.

माझ्या मामेबहिणीने बाबांच्या लेथच्या वर्कशॉपवर लिहिलं होतं. मामा कधी आवाज चढवत नाही, पण एका रात्री शेवटचा जॉब अंडरसाइज झाला, म्हणजे तुकडा मापापेक्षा जास्त कापला गेला, व्हर्नियरने मोजून बघितलं आणि तोंडातून 'च्यायला' निघालं. हिने इंग्रजीत 'फक' लिहिलं. वाचताना मामा मला वेगळाच कुणीतरी वाटायला लागला! 'च्यायला' मुळात आईवरूनच आलंय, पण आपल्याकडे आता ते चरफडणं झालंय, कुणाच्या अंगावर जात नाही, आणि इंग्रजी शब्दाचं वजन भलतंच. मग आम्ही 'च्यायला'च ठेवलं, रोमन लिपीत, आणि त्याच्या आधी एकच वाक्य टाकलं, की घरात हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. झालं, अर्थ सांगायची गरजच उरली नाही. मराठी शिवीचं इंग्रजी भाषांतर करू नका रे, ती एकतर बोथट होते नाहीतर भलतीच जड.

अक्षरांच्या जागी चांदण्या (*) टाकून शिवी अर्धी झाकायची तर तसं अजिबात नको. द्यायचीय पण भीती वाटतेय हे सरळ दिसतं, त्यापेक्षा 'बाबांनी शिवी हासडली' एवढं लिहिलेलं बरं.

तुलाच कुणी जातीवरून, रंगावरून घाणेरडं बोललं असेल आणि निबंधच त्यावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शब्द गुळगुळीत केला तर जे झालं तेच खोटं होतं. तो शब्द लिहायचा की नाही हे तूच ठरव, तुला कुणी सांगायचं काम नाही, फक्त त्याच्यानंतरची जागा तुझ्यासाठी ठेव, तू काय केलंस, कुणाशी बोललास.

अजून एक, कॉमन ॲपवर तोच निबंध सगळ्या कॉलेजांना जातो, यादीत नोत्र दामसारखं कॅथलिक विद्यापीठ असेल तर तिथेही तोच. पण एका कॉलेजला सबमिट केल्यावर पुढच्यासाठी निबंध बदलता येतो, त्यामुळे मनात शंका असेल तर शिवी नसलेली दुसरी कॉपी तयार ठेव आणि पाठवायच्या आधी कुठली चिकटवलीय ते बघ. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा फॉर्म वेगळाच आहे, आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द, आणि त्यांना सरळ उत्तरं हवी असतात, तिथे मी तरी शिवीला जागा देणार नाही.

सगळं झालं की ड्राफ्ट मराठी न येणाऱ्या कुणाला तरी वाचायला दे आणि त्या शब्दापाशी तो अडकतोय का ते बघ. अडकला तर कंसात अर्थ घालू नकोस, आधीचं वाक्य परत लिही.