घोड्याचा पाय सुजलाय, कारण कळत नाहीये? पाणी मारायच्या आधी हात लावून बघा

सकाळी चंदी घालायला गेलो आणि बघतो तर घोडीचा मागचा एक पाय दीडपट झालेला. जखम दिसत नाही, रक्त नाही, आदल्या रात्री तर एकदम चांगली होती. मी काय केलं तर सरळ पाइप ओढला आणि वीस मिनिटं थंड पाणी मारलं, मग हात लावला तर पाय गार लागला, म्हटलं उभं राहून सुजला असेल, उतरेल. संध्याकाळी ताप १०४ आणि ती पाय टेकवायलाही तयार नाही. लिम्फँजायटिस निघाला, म्हणजे जंतू शिरून पायातल्या लसिका वाहिन्या सुजल्या होत्या. पाय गरम होता हे मला सकाळीच कळलं असतं, पण मीच पाणी मारून ती खूण घालवली, आणि तिचा एक अख्खा दिवस दुखण्यात गेला. त्याचं अजून वाईट वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तर पाय कोरडा असतानाच बाजूला उभं राहा, मागे नाही, आणि गुडघे टेकून बसू पण नका कारण दुखरा घोडा अचानक पाय उडवतो. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला गरमपणा लवकर कळतो, वरून खाली हात फिरवत या आणि लगेच दुसऱ्या पायाची तीच जागा बघा, नुसता एक पाय चाचपून काही कळत नाही. अंगठ्याने दाबा, खड्डा पडून राहतो का? कुठे दाबल्यावर झटका देतो? केसांच्या आत बोटं घालून नीट बघा, खपली, काटा, चिकट ओल, अगदी टाचणीएवढं भोक सुद्धा सोडू नका. मग खूर उचलून तळ साफ करा, खिळा-बिळा घुसलाय का बघा (सापडला आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर उपटू नका, किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलाय ते त्यांना बघायचं असतं, फक्त अजून आत जाणार नाही असं बघा). घोट्याच्या (खुराच्या वरचा सांधा) मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की नाडी लागते, चांगल्या पायात ती जेमतेम जाणवते, ठणठण उडत असेल तर भानगड बहुतेक खुरात आहे.

मग थर्मामीटर. हे बहुतेक जण टाळतात आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारात, घोड्याच्या बाजूला उभं राहून. ९९ ते १०१.५ फॅरनहाइट नॉर्मल, विश्रांतीत नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४.

शेवटी चार पावलं चालवून बघा, पण तो पायावर वजनच घेत नसेल तर अजिबात चालवू नका, जागेवरच ठेवा. लाथ लागून हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि चालवलं की ती पूर्ण तुटते.

आता अर्थ कसा लावायचा. दोन्ही मागचे पाय सारखेच सुजलेत, गार आहेत, दुखत नाहीत, ताप नाही आणि थोडं फिरवल्यावर उतरतात तर ते उभं राहून आलेलं. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, त्यामुळे पाणी वर ढकलायला चालणंच लागतं. याला औषध नको, जास्त मोकळं सोडा आणि काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करा.

एकच पाय, गरम, हात लावू देत नाही, ताप, रात्रीत फुगलेला, हे सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) किंवा लिम्फँजायटिस. लहानशा ओरखड्यातून जंतू आत जातात आणि बऱ्याचदा तो ओरखडा सापडतच नाही. त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं, कारण उशीर झाला तर पाय कायमचा जाड राहू शकतो आणि पुन्हा पुन्हा सुजतो.

सूज नळीच्या (गुडघा आणि घोटा यांमधलं हाड) मागच्या बाजूला, धनुष्यासारखी फुगलेली आणि गरम असेल तर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी दुखावली आहे, काम ताबडतोब बंद, लंगडत नसला तरी. आणि सांध्याजवळ भोक असेल, त्यातून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर ती इमर्जन्सी समजा, रात्र असली तरी फोन करा, सांध्यात जंतू गेले तर तासांचा हिशोब असतो. चारही पाय सुजलेत आणि ताप आहे तर आजार पायाचा नाहीच, सगळ्या शरीराचा आहे, तेव्हाही थांबू नका.

डॉक्टर येईपर्यंत, आणि सगळं बघून लिहून झाल्यावरच, पाणी मारा, एका वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. उघडी जखम असेल तर तिच्यावर जोराची धार नको. पट्टी बांधताना खाली जाड कापूस हवाच, नुसती घट्ट पट्टी टेंडन दाबून नवीन दुखणं करते. जमत नसेल तर न बांधलेली बरी.

वेदनाशामक घरात असलं तरी डॉक्टरांना न विचारता देऊ नका. एक तर लंगडणं झाकलं जातं आणि तपासायला काही उरत नाही, दुसरं म्हणजे ब्यूटसोबत (फिनाइलब्युटाझोन, घोड्यांचं नेहमीचं वेदनाशामक) त्याच जातीचं दुसरं औषध गेलं तर पोटात अल्सर होतात, किडनीला त्रास होतो. उरलेलं अँटिबायोटिक टोचणं तर नकोच. धनुर्वाताची लस कधी दिली ते मात्र शोधून ठेवा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि ते कारण एवढंसं भोक सुद्धा असू शकतं.

फोनवर सांगताना पाय सुजलाय एवढंच सांगू नका. कुठला पाय, कुठून कुठपर्यंत, गरम की गार, ताप किती, नाडी किती, वजन घेतो का, कालपासून खाणं कसं आहे, आणि दोन्ही पाय एकत्र दिसतील असा फोटो. नंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकाच जागी टेपने माप घ्या, जागेवर मार्करने खूण केली तर चूक होत नाही. मी आता पाय चांगले असतानाच चारही पायांचं माप लिहून ठेवतो, तबेल्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, थर्मामीटर टांगलाय तिथेच.