मंत्र्यांच्या ऑफिसात निवेदन द्यायचंय? मग आत कोण काय करतं ते आधी समजून घ्या

आमच्या गावच्या रस्त्याचं निवेदन घेऊन आम्ही चौघं मुंबईला गेलो, मंत्र्यांच्या हातात दिलं, फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, आणि मग आठ महिने काहीच नाही. शेवटी कळलं की निवेदन ज्या विभागात जाऊन पडलं होतं त्यांचा तो रस्ताच नव्हता. म्हणून हे लिहितोय, तुमचे आठ महिने तरी वाचावेत.

पहिली गोष्ट, मंत्र्यांचं ऑफिस वेगळं आणि विभाग वेगळा. मंत्रालयात दोन्ही एकाच इमारतीत असल्यामुळे आपला गोंधळ होतो. मंत्री बदलले की त्यांच्या ऑफिसातली माणसं बदलतात, विभाग मात्र तिथेच राहतो, आणि तुमची फाईल विभागात असते. हे एकदा डोक्यात बसलं ना, की निम्मं काम झालं.

मंत्र्यांच्या ऑफिसात सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे खाजगी सचिव, ज्यांना सगळे पीएस म्हणतात. हे बहुतेक वेळा शासनातलेच अधिकारी असतात, फाईल वाचता येणारे, नियम माहीत असलेले. विभागातून मंत्र्यांकडे सहीला येणाऱ्या फाईली यांच्या नजरेखालून जातात. त्यानंतर ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, यांच्यात विषय वाटलेले असतात, एकाकडे बदल्या, एकाकडे विधिमंडळाचे प्रश्न, एकाकडे मतदारसंघ असं काहीतरी. ही माणसं मंत्री आपल्या मनाने नेमतात असं लोकांना वाटतं, पण 2025 च्या सुरुवातीला पीएस-ओएसडींच्या नावांना मुख्यमंत्र्यांची मंजुरी लागते हे देवेंद्र फडणवीसांनी जाहीरच सांगितलं होतं. मग स्वीय सहाय्यक म्हणजे पीए, ते भेटीगाठी, दौरे, फोन बघतात. आणि टपाल घेणारे लिपिक. आपण पीएच्या मागे धावतो आणि टपालाच्या टेबलाकडे बघतही नाही, इथेच चुकतं बघा.

मतदारसंघात मंत्र्यांचं संपर्क कार्यालय असतं ते निराळं. तिथे बहुतेक कार्यकर्ते असतात, दवाखान्याचं, दाखल्याचं, तहसीलला एक फोन करायचं काम तिथे पटकन होतं, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. पण धोरणाचं किंवा निधीचं काम असेल तर मंत्रालयच.

आता विभाग. वर सचिव (कुठे प्रधान सचिव, कुठे अपर मुख्य सचिव), त्यांच्या खाली सहसचिव, उपसचिव, मग अवर सचिव, मग कक्ष अधिकारी. कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलाला कार्यासन म्हणतात, त्याला नंबर किंवा नाव असतं, आणि तुमच्या विषयाची टिपणी, म्हणजे फाईलवर अधिकारी एकामागून एक लिहीत जातात तो मजकूर, इथून सुरू होते. फाईल इथून एकेक पायरी वर जाते, मंत्र्यांपर्यंत पोचते आणि त्याच वाटेने खाली येते. मध्ये पैशाचा विषय आला की वित्त विभागाकडे वळसा असतोच. एखादा विषय राज्यमंत्र्यांकडे दिलेला असेल तर फाईल तिथूनही जाते, तेही विचारून घ्या.

मंत्री तुमच्या निवेदनावर समासात लिहितात, "तपासून सादर करावे" किंवा "नियमानुसार उचित कार्यवाही करावी", खाली सही नि तारीख. आपण खूश होऊन परत येतो. पण हा शेरा म्हणजे आदेश नव्हे, कागद आता कार्यासनाकडे जाईल एवढाच त्याचा अर्थ. खरा आदेश कसा ओळखायचा सांगतो, कुठलाही शासन निर्णय काढा आणि शेवट बघा, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं असतं आणि सही उपसचिव किंवा अवर सचिवांची, मंत्र्यांची नाहीच. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

त्यामुळे जायच्या आधी विभाग नीट शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे म्हणजे वर ग्रामविकास, प्रमुख जिल्हा मार्ग नि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे. आम्ही इथेच फसलो. बंधाऱ्याचंही तसंच, 600 हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर मृद व जलसंधारण, त्याच्या वर जलसंपदा. निवेदन एका पानाचं ठेवा, एका निवेदनात एकच मागणी, कारण दोन विभागांच्या दोन मागण्या एका कागदावर असल्या की तो कागद नेमका कुणाचा हेच ठरत नाही. मोबाईल नंबर आणि पूर्ण पत्ता लिहा.

मंत्रालयात सामान्य माणसाला एरवी दुपारी 2 नंतर प्रवेश मिळतो, ओळखपत्र ठेवा आणि पासची आताची पद्धत आधी बघून जा. मंत्रिमंडळ बैठकीच्या दिवशी जाऊ नका, सगळे त्यातच असतात. आणि डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असलं की मंत्र्यांची ऑफिसं फाईलींसकट तिकडे जातात, मुंबईला खेटा फुकट जाईल.

निवेदन दिलं की आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक, आणि ई-ऑफिसला, म्हणजे फाईलींच्या संगणक प्रणालीवर, चढवल्यावर पडणारा नंबरही मागून घ्या. आठवड्याने फोन करून एवढंच विचारा, कुठल्या कार्यासनाकडे गेलं? ते सांगतील. मग पुढचा पाठपुरावा त्या कार्यासनाकडे, मंत्र्यांच्या ऑफिसकडे नाही.

अडकलंच तर बदल्यांचा नि दप्तरदिरंगाईचा जो 2005 चा कायदा आहे त्याचं कलम 10 लक्षात ठेवा, एका कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर निर्णय 45 दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत. भांडू नका, पत्रात फक्त कलम लिहा. त्यावरही उत्तर नाही आलं तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण तो त्या कार्यासनाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, आणि मागा काय तर आवक क्रमांक देऊन टिपणी भागाची प्रत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि त्या टिपणीवर कुणी काय लिहिलं, कुठल्या तारखेला पुढे पाठवलं, सगळं दिसतं. आमच्या रस्त्याचा कागद चुकीच्या विभागात पडलाय हे आम्हाला तिथेच दिसलं.